‘प्रेशर नाही’ : घरातील गरम पाण्याचा दाब, त्याचे दोषनिदान आणि तक्रारीची भाषा

देहूरोड हे गाव इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वसलेले आहे. लष्करी भांडारे आणि कारखाने यांच्या निमित्ताने येथे मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे एकत्र आली. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या वेळी यांतील पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. बोलणाऱ्याची मातृभाषा कोणतीही असो, तक्रारीतील मुख्य शब्द एकच असतो : ‘गरम पाण्याला प्रेशर नाही.’

या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. वाक्याचा जो अर्थ लावला जाईल त्यावर पुढची कृती अवलंबून असते; आणि चुकीच्या अर्थावर आधारलेली कृती नुसती खर्चाची नव्हे, तर प्रसंगी जिवावर बेतणारी ठरते. प्रस्तुत लेखात या तक्रारीचे पृथक्करण करून दोषनिदानाची एक सोपी रीत मांडली आहे. ती रीत भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटणार नाही.

विवेचनाला आधार म्हणून प्रस्तुत लेखकाच्या देहूरोड येथील घरातील एक प्रसंग घेतो. घर जुने, तळमजला आणि वरचा मजला असे. गच्चीवर पाण्याची टाकी; तिच्यातील पाण्याची पातळी वरच्या न्हाणीघरातील नळाच्या तोंडापासून सुमारे ३ मीटर उंच. न्हाणीघरात १५ लिटरचा विजेचा गीझर. गार पाण्याच्या नळाखाली १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरत असे. गरम पाण्याच्या नळाखाली तीच बादली भरण्यास सहा मिनिटे लागू लागली. पहिल्या कारागिराने पाहून सांगितले, “सर, गीझर गेला. आता आठ बारचा नवा घ्या.” दुसरा म्हणाला, “गीझर चांगला आहे, सर. टाकीला प्रेशर पंप बसवा.” दोघेही अनुभवी होते आणि दोघेही प्रामाणिक होते. तरीही दोघांची निदाने चुकली. ती का चुकली, हे पाहण्यासाठी प्रथम शब्दांकडे वळू.

१. शब्दांची पूर्वपीठिका

पाणी साठविणे आणि ते घरात आणणे यांविषयीची मराठी शब्दसंपत्ती अनेक थरांची आहे. मावळातच भाजे येथील लेण्यांत पाण्याच्या टाक्यावर महारठी विण्हुदत्त याच्या दानाचा जो लेख आहे, त्यात टाक्यासाठी ‘पोढी’ हा प्राकृत शब्द आलेला आहे. ‘नळ’ हा शब्द मुळात पोकळ बोरूचा, वनस्पतीचा वाचक होय. ‘न्हाणी’ हा ‘स्नान’ या शब्दाचा वंशज. बादली, पिंप, चावी आणि बंब हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून आले. त्यांपैकी ‘बंब’ हा आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ पाणी खेचणारा वा फेकणारा पंप असा. आग विझविणाऱ्या गाडीस आपण बंब म्हणतो तेव्हा हा अर्थ टिकून असतो. परंतु न्हाणीघरातील तांब्याचा बंब पाणी फेकत नाही; तो केवळ तापवितो. पाणी फेकणाऱ्या यंत्राचे नाव पाणी तापविणाऱ्या भांड्यास मिळाले.

पुढे ‘गीझर’ या शब्दाच्या बाबतीत अगदी हेच घडले. आइसलंडमधील हौकादालूर खोऱ्यात ‘गेसिर’ नावाचा उष्ण पाण्याचा झरा आहे. तो आतल्या वाफेच्या बळाने मधूनमधून उसळून वर उडतो आणि ‘उसळणे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनच त्यास हे नाव पडले आहे. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन याने वायूच्या ज्वाळेवर पाणी तापविणारे घरगुती यंत्र तयार केले आणि त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. नाव ऐटदार होते, पण दिशाभूल करणारे होते. झरा स्वतः उसळतो. न्हाणीघरातील यंत्र स्वतः काहीच उसळवीत नाही. बंब काय किंवा गीझर काय, दोन्ही नावांनी यंत्राला जे सामर्थ्य बहाल केले ते त्याच्या अंगी नाही. आपल्या तक्रारीच्या मुळाशी असलेली पहिली चूक येथे आहे.

‘प्रेशर’ या शब्दाची कथा निराळी. इंग्रजीतून मराठीत आल्यावर या शब्दाचा अर्थ एकीकडे आकुंचित झाला आणि दुसरीकडे पसरला. नळाच्या संदर्भात त्याचा अर्थ ‘धारेचा जोर’ एवढाच उरला. परंतु धार कमी असण्याची जितकी म्हणून कारणे आहेत ती सर्व या एका शब्दात सामावली गेली. ‘दाब’ हा मराठी शब्दही निर्दोष नाही. ‘दाबणे’ या क्रियापदाच्या संस्कारामुळे दाब वरून खाली पडतो असे वाटते. वस्तुतः द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच असतो. त्यातल्या त्यात जुन्या पिढीतील गृहिणी ‘धार बारीक झाली’ असे म्हणत, ते अधिक नेमके होते; कारण त्यात केवळ जे डोळ्यांना दिसते त्याचे वर्णन होते, कारणाविषयीचे अनुमान नव्हते.

येथे कारागिरांच्या बोलीविषयी एक निरीक्षण नोंदविण्यासारखे आहे. वायसर, एल्बो, कपलिंग, निपल, टी, अँगल कॉक हे त्यांचे शब्द वस्तूंच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहेत. अर्ध्या इंचाच्या आणि पाऊण इंचाच्या निपलमध्ये त्यांची कधीही गल्लत होत नाही. मात्र अवस्थांच्या बाबतीत हीच बोली दरिद्री आहे. पाणी उंचीवरून येत नाही, वाटेत अडते, हवेमुळे थांबते, किंवा दुसऱ्या वाटेने निघून जाते, या चारही अवस्थांना ‘प्रेशर नाही’ हे एकच नाव आहे. ‘बंद’ या शब्दाचेही तसेच. ‘कॉक बंद आहे’ म्हणजे कोणीतरी फिरवून मिटला आहे; ‘लाइन बंद आहे’ म्हणजे ती तुंबली आहे किंवा तिला पाणीच नाही; आणि मावळात २०११ साली ज्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा बळी गेला, त्या पवनेच्या ‘बंद जलवाहिनी’तील ‘बंद’ म्हणजे उघड्या पात्राऐवजी आच्छादित नळातून पाणी नेणारी. संदर्भ ठाऊक असेल तर घोटाळा होत नाही. परंतु दोषनिदानाच्या वेळी संदर्भच अज्ञात असतो.

२. दाब आणि प्रवाह

आता पदार्थविज्ञानाचा अवश्य तेवढा भाग पाहू. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब हा केवळ उंचीवर अवलंबून असतो. पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब सुमारे १ बार, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. आमच्या वरच्या न्हाणीघरात ही उंची ३ मीटर. म्हणून तेथील दाब ०.३ बार. तळमजल्यावर उंची आणखी ३ मीटरांनी वाढते. म्हणून तेथे ०.६ बार. टाकी मोठी घेतल्याने दाब वाढत नाही, टाकी उंच ठेवल्याने वाढतो. टाकीच्या अगदी जवळ असलेल्या वरच्या मजल्यावरच धार सर्वांत मंद का, याचे उत्तर यातच आहे.

परंतु हा दाब नळ मिटलेला असतानाचा, म्हणजे स्थिर दाब होय. नळ उघडून पाणी वाहू लागले की नळीच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणात, वळणांत आणि अडथळ्यांत या दाबाचा काही अंश खर्च होतो आणि नळाच्या तोंडाशी उरतो तो प्रवाही दाब. हा भेद या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भेद आहे. नळीत अडथळा असला तरी पाणी स्थिर असताना अडथळ्याच्या दोन्ही बाजूंस दाब सारखाच असतो. अडथळा दाब कमी करतो तो केवळ पाणी वाहत असताना. अर्धवट मिटलेला कॉक धार बारीक करील. परंतु नळ बंद असताना कॉकपुढील दाब तसूभरही घटविणार नाही. पुढे या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

अडथळ्याचा परिणाम किती असतो? ठराविक प्रमाणात पाणी वाहत असेल तर घर्षणात खर्च होणारा दाब साधारणतः नळीच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत गंज वा क्षार बसून ती १२ मिलिमीटरची झाली, तर हा खर्च सुमारे तिप्पट होतो. १० मिलिमीटरची झाली तर साडेसातपट. टोलेजंग इमारतीत दोन-तीन बार दाब हाताशी असेल तर हा खर्च निभावून जातो. ज्या घरी मुळात ०.३ बारच आहे तेथे तो निभावत नाही. म्हणून जुन्या बैठ्या घरांत लहानसा दोषही मोठ्या तक्रारीचे रूप घेतो.

३. कर्ता कोण?

साठवणीच्या गीझरची रचना साधी आहे. गार पाणी खालच्या बाजूने टाकीत शिरते. गरम पाणी वरच्या थरातून एका उभ्या नळीवाटे बाहेर पडते. टाकी नेहमी भरलेलीच असते. गरम पाण्याचा नळ उघडला की जेवढे गार पाणी आत येईल तेवढेच गरम पाणी बाहेर ढकलले जाते. गरम पाण्यास स्वतःचा असा दाब नसतो. त्याच्या पाठीशी असतो तो गार पाण्याचाच दाब. तापविण्याने पाणी मंदावते असेही नाही. उलट २० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ६० अंशांवर पाण्याची विष्यंदिता, म्हणजे चिकटपणा, निम्म्याहूनही कमी होतो. त्याचा थोडाफार परिणाम झालाच तर वाहणे सुलभ होण्याकडेच होईल.

असे असूनही आपण ‘गीझर पाणी देत नाही’, ‘गीझर पाणी फेकत नाही’ असे म्हणतो. या वाक्यांत गीझर हा कर्ता आहे. आणि जो कर्ता तोच दोषी, असे आपण नकळत मानतो. ‘पाणी गीझरमधून येत नाही’ असे वाक्य केले की गीझर कर्तेपदावरून खाली उतरून केवळ वाटेतील एक ठिकाण होतो आणि चौकशीची दिशा बदलते : पाणी कोठून निघते, कोठे पोहोचते आणि कोठे अडते?

‘आठ बारचा गीझर’ ही शब्दयोजना याच प्रकारची. साठवणीच्या पुष्कळ गीझरांवर ८ बार असा आकडा छापलेला असतो. टाकी जास्तीत जास्त किती दाब सहन करू शकते, हे तो सांगतो. परंतु मराठीतील ‘-चा’ हा प्रत्यय संबंध दाखवितो, संबंधाचा प्रकार दाखवीत नाही. ‘पंधरा लिटरचा गीझर’ म्हणजे ज्यात पंधरा लिटर मावतात तो. ‘आठ बारचा गीझर’ म्हणजे जो आठ बार सोसतो तो. ऐकणारा मात्र ‘जो आठ बार देतो तो’ असे समजतो आणि पैसे मोजतो. ०.३ बारच्या घरी आठ बारचा गीझर लावला तरी धार ०.३ बारचीच राहणार.

४. लघुतम युग्मांची रीत

दोन ध्वनी भाषेत भेदक आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्यासाठी आपण लघुतम युग्म शोधतो. ‘नळ’ आणि ‘मळ’ या शब्दांत बाकी सारे समान असून एकच ध्वनी निराळा आहे आणि अर्थ बदलतो. तेव्हा न आणि म हे भेदक ठरतात. दोषनिदानातही हेच करावयाचे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशीच ठेवावी आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. यासाठी बादली आणि घड्याळ याहून अधिक साधन लागत नाही.

पहिले युग्म : एकाच ठिकाणचा गार आणि गरम नळ. दोन्ही धारा मंद असतील तर दोष दोहोंच्या सामाईक वाटेवर, म्हणजे टाकी, तिचा निर्गमाचा कॉक किंवा मुख्य नळी यांत आहे. केवळ गरम धार मंद असेल तर दोष गीझरकडे वळणाऱ्या फाट्यापासून पुढे आहे.

दुसरे युग्म : गरम पाण्याचेच दोन निरनिराळे नळ. एकच मंद असेल तर त्या नळाची जाळी, वायसर किंवा मिक्सरचा आतील भाग तपासावा. दोन्ही मंद असतील तर दोष त्यांच्या अलीकडे आहे.

तिसरे युग्म : तोच नळ, परंतु पहिला क्षण आणि त्यानंतरची धार. फुसफुसत, थांबत-थांबत पाणी येत असेल तर नळीत हवा अडकली आहे. आधी जोरात येऊन लगेच बारीक होत असेल तर स्थिर दाब आहे, पण प्रवाहात अडथळा आहे.

चौथे युग्म : तोच नळ, परंतु एकदा गीझर तापवून आणि एकदा न तापविता. दोहोंत फरक नसेल तर विजेच्या भागाचा या दोषाशी संबंध नाही. तापविल्यावरच पहिला उसासा जोराचा येत असेल, तर ती एक स्वतंत्र आणि गंभीर सूचना आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

पाचवे युग्म : गीझरच्या आधी आणि गीझरच्या नंतर. विजेचे बटण नुसते बंद न करता प्लग काढून, पाणी निवू देऊन आणि प्रवेशाकडील कॉक मिटून, गीझरच्या निर्गमाची लवचिक नळी सोडावी. तिचे तोंड बादलीत धरून कॉक उघडावा. धार भरपूर असेल तर दोष गीझरच्या पुढे. नसेल तर पुन्हा कॉक मिटून प्रवेशाकडील नळी सोडून तसेच पाहावे. तेथे भरपूर आणि निर्गमावर मंद, तर दोष गीझरमध्ये. तेथेही मंद, तर दोष त्याच्या अलीकडे.

सहावे युग्म : गीझरच्या प्रवेशाचा कॉक उघडा आणि मिटलेला. तो मिटल्यावर गरम नळाचे पाणी थोड्याच वेळात थांबले पाहिजे. थांबले नाही, तर मिक्सरमधून गार पाणी गरम नळीत शिरत आहे. अशा घरी ‘पाणी पुरेसे तापत नाही’ अशी तक्रार असते. गीझर मात्र निर्दोष असतो.

५. नेहमीची कारणे

या युग्मांनी जागा निश्चित झाली की कारण शोधणे कठीण नसते. नेहमी आढळणारी कारणे थोडीच आहेत.

पहिले कारण क्षार. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरी ते अधिक दिसते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापविल्यावर विघटन पावते आणि न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते. शालेय पुस्तकांतील ‘दुष्फेन’ हा शब्द फेस न होणे एवढाच गुण सांगतो. व्यवहारातील ‘जड पाणी’ हा शब्द अणुविज्ञानातील जड पाण्याशी घोटाळा करतो. पण ‘पाण्याने खर धरली’ हा बोलीतील प्रयोग नळीत काय घडते ते नेमके दाखवितो. खर प्रथम धरते ती तापविणाऱ्या कांडीवर आणि निर्गमाच्या नळीच्या तोंडाशी.

दुसरे कारण जुन्या जस्तलेपित लोखंडी नळ्यांतील गंज. तो आतून गाठीगाठींनी वाढतो. बाहेरून नळी धड दिसते.

तिसरे कारण हवा. पाणीपुरवठा खंडित असला आणि टाकी रिकामी झाली की नळीच्या उंच वळणांत हवा अडकते. दाब थोडा असेल तर तो ही हवा ढकलू शकत नाही. टाकीलगतच्या नळीस टाकीतील पातळीहून उंच उघडी हवानळी ठेवणे हा त्यावरचा कायमचा उपाय. आणि खालच्या मजल्यावरील सर्व नळ एकदम सोडून हवा वाहून जाऊ देणे हा तात्पुरता.

चौथे कारण सौर तापकाच्या मांडणीत असते. बिनदाबाच्या सौर तापकाची टाकी गार पाण्याच्या टाकीहून खाली असावी लागते आणि तिची हवानळी गार टाकीतील पातळीहून उंच. ही हवानळी कोणी ‘उगीच उघडी आहे’ म्हणून बुजविली, तर पाणी उपसताना आत निर्वात होऊन टाकी चेपते. आणि धार वाढविण्यासाठी तिच्यावर पंपाचा दाब आणला तर टाकी फुटते.

पंपाविषयी येथेच सांगणे योग्य. उंचीच अपुरी असेल, तर टाकीनंतर बसविलेला योग्य क्षमतेचा पंप हा रास्त उपाय आहे. परंतु अडथळ्यावर पंप हा उपाय नव्हे. तसेच सार्वजनिक नळास थेट मोटार लावणे तर निषिद्धच होय; कारण त्याने शेजाऱ्याचे पाणी पळते आणि नळीत ऋण दाब निर्माण होऊन सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते.

६. ‘गळणे’ आणि ‘सोडणे’

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येऊ. गीझरच्या गार पाण्याच्या प्रवेशावर एक लहानसा पितळी वा तत्सम भाग असतो. तो दोन कामे करतो : आत आलेले पाणी मागे परतू देत नाही, आणि आतील दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर थोडे पाणी बाहेर सोडतो. पाणी तापले की प्रसरण पावते. २० अंशांपासून ६५ अंशांपर्यंत तापविल्यास त्याचे आकारमान सुमारे १.८ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १५ लिटरच्या गीझरात पाव लिटरहून थोडे अधिक पाणी ‘जास्तीचे’ होते. नळ मिटलेले आहेत, मागे परतण्यास मज्जाव आहे. तेव्हा हे पाणी त्या झडपेवाटे थेंबाथेंबाने बाहेर पडते. तापताना थेंब पडणे हे झडप जिवंत असल्याचे लक्षण होय. थेंब अखंड, गार असतानाही पडत राहिले तर मात्र झडप बदलावी.

घरातील माणूस हे थेंब पाहतो आणि म्हणतो, ‘गीझर गळतो.’ ‘गळणे’ हे क्रियापद वर्णन करीत नाही, निकाल देते. छप्पर गळते, भांडे गळते. जे गळते ते बिघडलेले असते आणि बुजविलेच पाहिजे. ‘गीझर पाणी सोडतो’ असे म्हटले असते तर कोणी ते बुजविण्यास धावले नसते. येथे एका क्रियापदाच्या निवडीवर झडपेचे तोंड उघडे राहील की बुच लावून बंद होईल, हे ठरते.

बुच लावल्यास काय होते? नियंत्रक ठीक असेपर्यंत प्रत्येक वेळी तापताना टाकी आणि तिचे सांधे ताणले जातात. पाणी दुसरी वाट शोधते. नियंत्रक आणि त्यापुढचा सुरक्षा-खटका हे दोन्ही निकामी झाले, तर पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. कारण दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. ८ बार दाबाखाली तो सुमारे १७५ अंश असतो. अशा वेळी टाकी फाटली तर दाब एकाएकी नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन सुमारे सोळाशेपट जागा मागतो. आइसलंडच्या झऱ्यात नेमके हेच घडते. बुच लावलेला गीझर आपले नाव खरे करण्याच्या वाटेवर असतो.

वायूच्या गीझरविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. त्यात पाण्याच्या दाबाने हलणारा एक पडदा असतो. दाब अपुरा असेल तर ज्योत पेटतच नाही. हा दोष नसून संरक्षण आहे. कारण वाहते पाणी नसताना ज्योत पेटली तर यंत्र जळेल. मॉनच्या पहिल्या यंत्रास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, आणि आजही बंद न्हाणीघरात लावलेला वायूचा गीझर त्याच धोक्याचा असतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीपासून होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. धार मंद म्हणून बादली भरण्यास वेळ लागतो, थंडी म्हणून खिडकी लावून घेतली जाते, आणि ज्योत तितका अधिक वेळ जळते. दाबाची क्षुल्लक वाटणारी तक्रार अशा रीतीने श्वासाशी येऊन भिडते. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

७. प्रसंगाचा उलगडा

आता आमच्या घरच्या प्रसंगाकडे परत येतो. पहिल्या युग्मात गार धार चांगली आणि गरम मंद आढळली; म्हणून टाकीचा दोष नव्हे आणि पंपाची गरज नव्हे. दुसऱ्यात न्हाणीघर आणि हात धुण्याचे भांडे, दोन्हीकडील गरम धार मंद. म्हणून नळाचा दोष नव्हे. तिसऱ्यात पहिला उसासा जोराचा आणि नंतरची धार बारीक. चौथ्यात हा उसासा केवळ तापविल्यानंतरच येतो, एरवी नाही, असे दिसले. म्हणजे तापताना वाढलेले पाणी आत कोंडले जात होते. पाचव्यात प्रवेशाच्या नळीतूनच धार मंद निघाली. दोष गीझरच्याही अलीकडे होता.

भिंतीवरील अँगल कॉक अर्ध्याहून अधिक मिटलेला होता. झडपेच्या तोंडास बुच होते.

चौकशीअंती जे कळले ते असे. दोन महिन्यांपूर्वी घरातून ‘गीझर गळतो’ अशी तक्रार गेली. आलेल्या कारागिराने पाण्याचा जोर कमी करावा म्हणून कॉक अर्धा मिटला. थेंब थांबले नाहीत. थांबणार नव्हतेच, कारण मिटलेला कॉक प्रवाह अडवितो, स्थिर दाब अडवीत नाही, आणि हे थेंब तर प्रसरणाचे होते. मग त्याने बुच लावले. कोंडलेल्या पाण्याने गरम नळाच्या वायसरमधून वाट काढली. तेव्हा ‘नळ गळतो’ ही दुसरी तक्रार झाली आणि वायसर दोनदा बदलला गेला. अर्ध्या मिटलेल्या कॉकमुळे धार बारीक झालीच होती. थंडी वाढून गरम पाणी अधिक लागू लागले तेव्हा तिसरी तक्रार झाली, ‘प्रेशर नाही.’ तिन्ही तक्रारींना तीन वेगळे कारागीर आले. प्रत्येकाने आपल्यापुढच्या वाक्याचे उत्तर दिले. तिन्ही वाक्ये एकाच कथेची आहेत, हे कोणास कळण्याचा मार्ग नव्हता.

बुच काढले, झडप नवी बसविली आणि तिच्या तोंडास नळी जोडून ती जमिनीपर्यंत आणली. कॉक पूर्ण उघडला. बादली आता दोन मिनिटांत भरते; गीझरमधून वळसा घेऊन येणाऱ्या पाण्यास गार पाण्याहून थोडा अधिक वेळ लागावा, हे स्वाभाविकच आहे. नवा गीझर किंवा पंप घेण्याची वेळ आली नाही. परंतु दुसऱ्या कारागिराचा सल्ला मानून पंप बसविला असता, तर बुच लावलेल्या त्या टाकीवर आणखी दाब चढला असता, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

तात्पर्य, तक्रार करणाऱ्याने कारण सांगू नये. जे दिसते ते सांगावे. ‘प्रेशर नाही’ याऐवजी ‘गार बादली दीड मिनिटात भरते, गरम सहा मिनिटांत, तापविल्यावर पहिला उसासा जोराचा येतो’ असे सांगणारा माणूस कारागिराचे अर्धे काम करून ठेवतो. आणि ‘गळतो’ म्हणण्यापूर्वी केव्हा, किती आणि कोठून, हे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण प्रथम हेच शिकवितो, की निवेदकाचे अर्थ लावणे वेगळे आणि निवेदकाने प्रत्यक्ष उच्चारलेले वेगळे. नोंद दुसऱ्याची करावी. ही शिस्त न्हाणीघरातही उपयोगी पडते, एवढेच येथे दाखवावयाचे होते.